सँपल आणलंय का?

नवऱ्याच्या वाढदिवसाला शर्टपीस देणाऱ्या बायकोबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. नवरा "छान आहे" म्हणतो, शर्टपीस कपाटात जातो आणि पुढच्या दिवाळीत मेहुण्याला आहेर म्हणून घराबाहेर पडतो. घड्याळ, पाकीट, पट्टा यांचीही कहाणी थोड्याफार फरकाने तीच. पण नवऱ्याच्या नकळत नाना पेठ गाठून त्याच्या जुन्या मोटरसायकलचा पार्ट आणणारी बायको हा वाणच निराळा. त्या वाणाचा एक अस्सल नमुना आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. पोस्टमनसुद्धा वहिनीच म्हणतो.

हा वाण ओळखायला सोपा असतो. सिग्नलला शेजारी एखादी जुनी येझदी येऊन थांबली, तर बाकीच्या बायका चालवणाऱ्याकडे बघतात किंवा बघत नाहीत. वहिनी रिक्षातून निम्म्या बाहेर येऊन तिचा टेललाइट बघतात. त्यांच्या पर्समध्ये कुंकवाची डबी, गुडघ्याच्या गोळ्या आणि शिवणकामाची टेप असते, आणि तळाला हातरुमालात बांधलेला एक नट. कोणाचा नट, असं एकदा मी विचारलं. "आपला नाही. पण कोणाचा तरी असेल," म्हणाल्या. असं बोलणारा माणूस स्पेअर पार्टच्या दुनियेत पोचलेला समजावा.

नवरा म्हणजे आमचे अण्णा. बँकेतून निवृत्त झालेले. गाडी येझदी रोडकिंग, लग्नाच्या आधी घेतलेली, त्यामुळे घरात सिनियॉरिटी गाडीची. वहिनी स्वतःच सांगतात, "मी आले तेव्हा ती होतीच." या वाक्यात तक्रार आहे की आदर, हे मला अजून कळलेलं नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. गियरची दांडी तीच किकची दांडी, आत दाबून वर फिरवली की झाली किक. त्यामुळे गाडी मागून नेणारा भाचा आधी दहा मिनिटं किक शोधत गाडीभोवती फिरतो आणि अण्णा गॅलरीतून ते सुख अनुभवतात. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. हे ऑइल मोजायला वहिनींचं औषधाचं माप कधीकाळी गेलं ते गेलंच. सकाळी गाडी चालू झाली की तळमजल्यावरचे जोशी खिडक्या लावून घेतात आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये 'धूर' हा विषय आयत्या वेळच्या विषयात येतो.

अण्णांना भेट देणं अवघड. मुलाने अमेरिकेहून स्मार्ट घड्याळ आणलं होतं, दिवसाला किती पावलं चाललो ते सांगणारं. अण्णांनी ते आठवडाभर घातलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, "मी किती चालतो ते मला माहीत आहे. गाडी बंद पडते तिथपासून घरापर्यंत." शर्ट त्यांना नको असतात, कारण चांगला शर्ट घालून गाडीखाली झोपता येत नाही. अशा माणसाला खूश करायचं तर त्याच्या गाडीलाच काहीतरी आणावं लागतं, हे वहिनींना उशिरा सुचलं. पण एकदा सुचल्यावर त्यांनी सोडलं नाही.

पहिली मोहीम टेललाइटच्या काचेची. काच म्हणायचं, असते प्लास्टिकचीच. अण्णांच्या गाडीची काच तडकलेली होती आणि तडा चिकटपट्टीने सांधलेला होता. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, तेव्हा नवी काच पुढे ठेवायची असा बेत. वहिनी नाना पेठेत गेल्या. पुण्यात दुचाकीचा कुठलाही पार्ट शोधणारा माणूस शेवटी नाना पेठेतच जातो. काउंटरवर पुरुषांची तीन पदरी रांग. कोणाच्या हातात चेन, कोणाच्या हातात ब्रेक शू, सगळ्यांच्या हाताला काळं. त्या गर्दीतून वहिनींनी आवाज दिला, "येझदीच्या टेललाइटची काच द्या हो."

"कुठली येझदी, काकू?"

"काळी."

सगळी रांग वळली. दुकानदार मात्र सज्जन होता. त्याने समजावलं की रंगाने काच बदलत नाही, मॉडेलने बदलते. क्लासिक, डिलक्स, रोडकिंग, मोनार्क. त्यातही सालाप्रमाणे फरक. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो त्या काउंटरवर दिवसातून शेकडो वेळा विचारला जात असेल. "सँपल आणलंय का?"

वहिनी सांगतात की त्या क्षणी त्यांची सगळी भीती गेली. कारण हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरात आयुष्य गेलेलं. तिथे 'मोरपंखी' म्हणून ब्लाउजपीस मागणारी बाई नवखी समजली जाते. जाणती बाई काहीही न बोलता साडीचा पदर काउंटरवर पसरते. मोरपंखीत चाळीस छटा असतात, नावावर कोणी विश्वास ठेवत नाही. पार्टचंही तेच. नाव सांगणारा परत पाठवला जातो, वस्तू दाखवणाऱ्याला वस्तू मिळते. ज्या बाईने तीस वर्षं फॉल, अस्तर आणि काठ जुळवले, तिच्याइतकी तयारी रांगेतल्या एकाही पुरुषाची नव्हती. माझं तर मत असं आहे की ही दुकानं बायकांच्या हाती दिली असती तर देशातल्या निम्म्या गाड्यांचे चुकीचे पार्ट वाचले असते.

अडचण एकच. साडीचा पदर पिशवीत घालून नेता येतो, टेललाइट गाडीला असतो. आणि गाडीजवळ अण्णा असतात. सकाळी ते तिला जुन्या बनियनने पुसतात, संध्याकाळी खुर्ची टाकून नुसते बघत बसतात. मोकळी वेळ एकच, दुपारच्या झोपेची. वहिनींनी शिवणयंत्राचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पदर खोचला, खाली उतरून दोन स्क्रू काढले, काच पिशवीत घातली आणि रिक्षा पकडली.

नेमके अण्णा त्या दिवशी लवकर उठले.

पुढचा प्रकार मला प्रत्यक्ष माहीत आहे, कारण सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. अण्णा माझ्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा घरफोडी झालेल्या माणसाचा होता. गाडी शाबूत, आरसे शाबूत, टूलबॉक्स शाबूत, फक्त तडकलेली काच गायब. "माहितगार चोर आहे," अण्णा म्हणाले. "नेमकं काय मिळत नाही ते त्याला माहीत आहे." वॉचमनची उलटतपासणी झाली. जोश्यांवर संशय घेतला गेला, धुराचा सूड म्हणून. मग अण्णा म्हणाले, कॅमेरा बघू. मी आत जाऊन एकट्याने बघितला. त्यात पदर खोचलेल्या वहिनी दोन बाजूंना नजर टाकून गाडीमागे बसताना स्वच्छ दिसत होत्या. मी बाहेर येऊन सांगितलं, कॅमेरा दुरुस्तीला गेलाय. सोसायटीच्या हितासाठी सेक्रेटरीला असं बोलावं लागतं.

संध्याकाळी काच जागेवर परत होती, चिकटपट्टीसकट. अण्णा बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला, "चोराने घरी नेऊन पाहिलं असणार. तडकलेली आहे म्हटल्यावर प्रामाणिकपणे आणून लावली."

काच त्या दिवशी मिळालीच नव्हती. त्याचं कारण मोठं आहे आणि ते अण्णांइतकंच आता वहिनींनाही पाठ आहे. ही गाडी म्हैसूरला, आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात बनायची. मूळ जावा चेक. जानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ मध्ये जर्मन वाँडरर मोटरसायकलचे हक्क घेऊन ती सुरू केली. भारतात जावाच्या गाड्या साठच्या दशकात बनू लागल्या, १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. जाहिरातीत कंपनी 'फॉरएव्हर बाइक' म्हणायची. तेवढं खरं ठरलं. कंपनी गेली, बाइक राहिली, आणि तिचे पार्ट पुरवायची जबाबदारी बायकांवर आली. येझदी हे नाव २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बाजारात उतरलं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. काउंटरवरची पोरं 'येझदी' ऐकलं की नव्या गाडीचा पार्ट काढतात. ती गाडी फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी, ३३४ सीसी. जुनीशी तिचं नातं नावापुरतं. एका पोराने वहिनींना तसला पार्ट दाखवून "हाच बसतो" म्हटलं, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून परत सरकवला. "बाळ, तुझ्या जन्माआधीची गाडी आहे. आजोबांना बोलाव." आजोबा खरंच आले. खोक्यांच्या मागून, जाड चष्मा लावून. तेव्हापासून त्या दुकानात वहिनी 'काकू' राहिल्या नाहीत, 'मॅडम' झाल्या.

ओरिजिनल आणि डुप्लिकेट ओळखण्यात तर त्यांचा हात कोणी धरणार नाही. आधी वजन बघतात. मग काठावरून अंगठा फिरवतात; साच्याची धार लागली की वस्तू परत. रबरी पार्ट असेल तर वास घेतात. एकदा मी सोबत होतो. दुकानदार म्हणाला, "डोळे झाकून घ्या." वहिनी म्हणाल्या, "डोळे झाकून चालत असतं तर दिव्याला काच कशाला लागली असती?" दुसऱ्या एका दुकानात "सेट येईल, सुटं नाही मिळणार" हे ऐकल्यावर त्यांनी घाईने काही बोलणं टाळलं. शांतपणे स्टुलावर बसल्या, पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि गिऱ्हाइकांची वाट अडवून बसून राहिल्या. वीस मिनिटांत सुटं मिळालं.

अर्थात सगळंच आणता येत नाही. उत्साहाच्या भरात एकदा त्यांनी पिस्टनच द्यायचं ठरवलं होतं. गाडीचे मिस्त्री, ज्यांना सगळी पेठ चाचा म्हणते, त्यांनी डोक्याला हात लावला. रोडकिंगचा बोअर मुळात पासष्ट मिलिमीटरचा. वापरून वापरून सिलिंडर झिजतो, मग तो बोअरिंग करून थोडा मोठा करतात आणि त्याला पाव-पाव मिलिमीटरने चढत्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घालतात. आता अण्णांचा सिलिंडर कितव्या मापावर आहे हे इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि इंजिन उघडून मोजमाप घेतल्यावर सरप्राइज कसलं राहणार? चाचांनी हे सगळं सांगितल्यावर वहिनींनी एक तत्त्व बनवलं, आणि ते मला कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या तत्त्वापेक्षा जास्त पटतं. आतला पार्ट हा खर्च, बाहेरचा पार्ट ही भेट.

खर्चाचं प्रकरण वेगळंच. अण्णा बँकेतले. घरखर्चाची वही अजून महिनाअखेरीला तपासतात. त्या वहीत 'टेललाइट' लिहायची सोय नाही. म्हणून वहिनी पार्टची रक्कम तूरडाळीत घालतात. एका दिवाळीच्या सुमाराला अण्णा वही घेऊन माझ्याकडे आले आणि काळजीने म्हणाले, "आम्ही दोघं माणसं. इतकी आमटी कोण पितंय?"

लपवण्याच्या जागा हा या वाणाच्या हुशारीचा कळस. छोटे पार्ट रव्याच्या डब्यात जातात. नवऱ्याने आयुष्यात जो डबा उघडलेला नाही तो तिजोरीपेक्षा सुरक्षित. मात्र उपम्याला कधीकधी ग्रीसचा वास येतो, आणि अण्णा दोन घास जास्त खातात. मोठ्या वस्तूंसाठी माळा. माळ्यावर सध्या जुन्या इरकलीत गुंडाळलेला एक सायलेन्सर आहे. तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाला. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे कुलपाविना किल्ल्या आणि किल्ल्यांविना कुलपं शेजारी शेजारी विकायला असतात, पण ती एकमेकांची नसतात. सायलेन्सरही एकच मिळाला. सून सुट्टीला आली तेव्हा माळ्यावर बघून विचारत होती, "आई, हा पडद्याचा रॉड का?" वहिनी "हो" म्हणाल्या. सुनेने "एवढा जाड?" विचारलं, तर म्हणाल्या, "जाड पडदे घेणार आहोत."

आता मूळ मोहिमेकडे येतो. काच शेवटी मिळाली. नाना पेठेतल्या त्या चष्मेवाल्या आजोबांनी एका बंद पडलेल्या दुकानाच्या मालातून काढून दिली, कंपनीच्या काळातली, न वापरलेली, खोक्यासकट. खंडेनवमीला अण्णा सगळे पाने, पकडी आणि प्लगचा पाना पाटावर मांडून पूजा करतात. वहिनींनी त्या पाटावर फुलांखाली खोकं ठेवलं. अण्णांनी फुलं वाहताना ते पाहिलं. उघडलं. खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरलं. काठावरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली. पाच मिनिटं घरात आवाज नाही. वहिनींना वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार.

अण्णा म्हणाले, "कितीला दिली?"

वहिनींनी खऱ्या किमतीच्या निम्मी सांगितली. अण्णा म्हणाले, "फसवलं तुला." हे वाक्य या जातीचे नवरे कुठल्याही किमतीवर म्हणतात. फुकट मिळाली सांगितलं असतं, तरी रिक्षाभाड्यात फसवलं म्हणाले असते. वहिनी चिडल्या नाहीत. त्यांना ठाऊक आहे की ज्याला भेट आवडली नाही तो किंमत विचारत नाही.

पण खरा धक्का पुढे होता. दसऱ्याला गाडी धुतली गेली, हेडलाइटला झेंडूचा हार बसला आणि मागे तीच तडकलेली काच, चिकटपट्टीवाली. नवी कुठे? तर कपाटात, चांदीच्या वाट्यांशेजारी, कापसात. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "कंपनीची काच आहे. गाडीला लावली आणि फुटली म्हणजे?" वहिनींनी पुन्हा मोहीम काढून तशीच दुसरी आणली, म्हणजे एक ठेवायला आणि एक लावायला. अण्णा गहिवरले, आणि दुसरीही कापसात ठेवली. "स्पेअरला स्पेअर असावा."

मग वहिनी नाना पेठेत गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या, "डुप्लिकेट द्या." घरी येऊन कागदात न गुंडाळता, पूजेबिजेची वाट न बघता, ती टेबलावर टाकली. "डुप्लिकेट आहे. ठेवायची तर ठेवा, टाकायची तर टाका." अण्णांनी चहा अर्धा सोडून खाली जाऊन ती लावली. आज आमच्या सोसायटीत रात्री येझदीचा मागचा दिवा लख्ख दिसतो, तो त्या डुप्लिकेटचा.

तेव्हापासून वहिनींचा नियमच झाला. प्रेम दाखवायचं असेल तर ओरिजिनल, गाडी चालवायची असेल तर डुप्लिकेट. ग्रिप, फूटरेस्टचे रबर, पेट्रोलचा कॉक, सगळ्याचे दोन-दोन नग. एक खोक्यातला, कपाटात जाणारा. एक प्लास्टिकच्या पिशवीतला, संध्याकाळपर्यंत गाडीवर चढणारा. कपाटात आता चांदीला जागा उरलेली नाही, वाट्या रव्याच्या डब्याशेजारी आल्या आहेत.

हल्ली गावातले येझदीवाले पार्टची चौकशी करायला फोन करतात ते वहिनींना. अण्णांना विचारलं तर ते इतिहास सांगतात, वहिनी दुकान सांगतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो. गावोगाव जुन्या गाड्या एकत्र जमतात, धूर होतो, फोटो निघतात. गेल्या खेपेला अण्णा गाडीपाशी अभिमानाने उभे होते आणि तरुण पोरांचा घोळका मागे, सावलीत बसलेल्या वहिनींभोवती होता. एक पोरगा तिथेच पुढच्या मडगार्डचा ब्रॅकेट घेऊन आला होता. वहिनींनी तो हातात घेतला, वजन पाहिलं, अंगठा फिरवला आणि परत दिला. पोरगा काही न विचारताच हिरमुसला.

राहता राहिला माळ्यावरचा सायलेन्सर. दोन सायलेन्सरच्या गाडीला एक देऊन भागत नाही. वाचकांपैकी कोणाकडे रोडकिंगचा एक सुटा, गंज न लागलेला, कंपनीचा सायलेन्सर पडून असेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आणून द्यावा. सोबत आमचं सँपल आहे, जुळवून घेऊ. थेट वहिनींच्या घरी फोन केलात आणि तो अण्णांनी उचलला, तर पडद्याच्या रॉडबद्दल बोलतोय म्हणा.